चिऊचा घास

असोद्याला कुणाच्या घरी गेलात आणि न जेवता परत आलात, तर एक तर त्या घराशी तुमचं बांधावरून भांडण चालू आहे, नाही तर घराला कुलूप होतं. थंडीचे दिवस असले तर विचारूच नका. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवट-पांढरी, पोसलेली वांगी टाकायची, साल करपून तडकली की सोलून लाकडी भांड्यात ठेचायची; मग मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारने कागदावर मान्य केलं एवढंच; आमच्या पोटात त्याची नोंद कधीचीच झालेली होती. पण भरीत हा मामला अर्धाच. उरलेला अर्धा आग्रहाचा. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, आणि वाढणारी बाई बोटांच्या फटीतून बरोबर नेम धरून भरीत टाकते. पाहुण्याच्या ‘नको’ला आमच्याकडे कुणी भीक घालत नाही.

त्यात हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 साली त्या इथल्या महाजनांच्या घरात जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावला गेल्या. उभा महाराष्ट्र आमच्या गावाला ओळखतो तो एका लेकीमुळे. माहेर म्हणून नाव झालेल्या गावाने आल्यागेल्याला उपाशी ठेवलं तर शोभेल का?

तर अशा गावात एका मांजरीने जेवण सोडलं.

ठकी आमची, असं म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. सकाळी ती आमच्या ओसरीवर असायची, धारेच्या वेळी नानांच्या गोठ्यात आणि संध्याकाळनंतर पलीकडच्या काकूंच्या धाब्यावर. तिन्ही घरांना ती आपलीच वाटायची आणि तिन्ही घरं बहुधा तिला आपली वाटायची. नानांकडे तिला वाघीण म्हणत. काकूंनी नाव ठेवलंच नव्हतं. त्या नुसतं ‘वं बाई’ म्हणत आणि त्यालाही ती ओ द्यायची.

त्या सकाळी ती ओसरीवर आली ती मान खाली घालून. हनुवटी सुजलेली, लाळ लोंबत होती आणि लाळेत रक्त. तोंड मिटत नव्हतं. खालचे दोन सुळे एरवी शेजारी शेजारी उभे असतात. त्यातला एक वर आणि एक खाली दिसत होता. काय झालं यावर तिन्ही घरांत एकमत होईना. नाना म्हणाले ट्रॅक्टरचा धक्का. काकू म्हणाल्या बोक्याच्या मागे लागली होती, धाब्यावरून पडली. आमची माय म्हणाली, “कुठी तरी तोंड घातलं असंन, अजून काय!” मायचा न्याय नेहमी असा सरसकट असतो.

मी जळगावला न्यायचं म्हटलं तर नानांनी कपाळाला हात लावला. “मांजरीले जयगावले? अरे, लोकं माय-बापाले नेत नाई!” गावात बैलाच्या, म्हशीच्या दुखण्याची रीत ठरलेली आहे. सरकारी दवाखाना आहे, 1962 नंबर फिरवला की जनावरांचा फिरता दवाखाना दारात येतो. मांजराच्या दुखण्याची मात्र रीतच नाही. आजारी पडलं की मांजराने गुपचूप कुठल्या तरी कडब्याच्या गंजीमागे जायचं आणि बरं होऊन यायचं किंवा यायचंच नाही, असा अलिखित करार आहे. ठकीने ओसरीवर येऊन तो मोडला होता. केळीच्या क्रेटात गोणपाट अंथरलं, वरून दुसरं क्रेट पालथं घालून सुतळीने बांधलं आणि मोटरसायकलवर बायकोच्या, म्हणजे हिच्या, मांडीवर ते ठेवून आम्ही निघालो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने क्रेटात वाकून पाहिलं. केळीच्या क्रेटात मिशा दिसल्यावर माणसं काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगणारे होते. मांजराचा खालचा जबडा म्हणजे मुळात दोन हाडं, हनुवटीपाशी कूर्चेने जोडलेली. माणसाची ती पहिल्या वर्षातच एकजीव होऊन जातात, मांजराची जन्मभर वेगळीच राहतात. उंचावरून पडलं किंवा गाडीचा धक्का लागला की तोंड आपटतं आणि नेमका तोच सांधा सुटतो. त्यावर उपाय ऐकून मला एकदम धीर आला, कारण तो माझ्या ओळखीतला निघाला. भूल द्यायची, सुळ्यांच्या मागून बारीक तार फिरवायची आणि हनुवटीखाली तिला पीळ द्यायचा. आपण शेताच्या कुंपणाच्या तारेला पक्कडीने देतो तसा. महिना-दीड महिना तार ठेवायची, मग कापून काढायची.

“तार मी लावीन,” डॉक्टर म्हणाले, “पण पोटात घालायचं काम तुमचं.”

मी मनात म्हटलं, हे तुम्ही असोद्याच्या माणसाला सांगताय!

मांजराची गंमत अशी की कुत्र्यासारखा तिला उपास झेपत नाही. चार दिवस पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी सुटून यकृतात जाऊन बसते, यकृत काम सोडतं, आणि मग भूक आणखीच मरते. अंगाने भरलेल्या मांजरीला हा धोका जास्त. तीन घरी जेवणारी ठकी काही सडपातळ नव्हती. तोंडाने घेतच नसेल तर मानेतून अन्ननलिकेत नळी घालायची, तीही सोय असते म्हणे. पण आधी सुई काढलेल्या सिरिंजने पाहू, असं ठरलं. सिरिंज समोरून नाही, बाजूने. सुळ्याच्या मागे जिथे दाताला जागा सुटलेली असते तिथून टोक आत सरकवायचं. डोकं वर करायचं नाही, नाही तर अन्न श्वासनळीत जातं. एका वेळी अर्धा, फार तर एक मिलिलीटर. मग थांबायचं. जिभेचं टोक बाहेर येऊन आत गेलं आणि गळा हलला की पुढचा घास.

ज्या माणसांनी आयुष्यभर ओंजळीने वाढलं, त्यांना मिलिलीटरने आग्रह करायची वेळ आली.

पण घास कशाचा, यावर गावात परिषद भरली. दात आहेत तर चणे नाहीत, अशी म्हण आहे. इथे दात जागेवर नव्हते आणि चणे घेऊन दारात रांग लागली होती. नाना गोठ्यातून दुधाचा लोटा घेऊन आले. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, हे मी सांगितल्यावर नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाईलाच शिवी दिली. चित्रांतल्या, गोष्टींतल्या, म्हणींतल्या झाडून साऱ्या मांजरी दूध पितात आणि मी डॉक्टरचं ऐकतो! मग म्हणाले, “बरं, हयद तरी लाव तिच्या तोंडाले.” काकूंनी डोकेदुखीची गोळी आणली, अर्धी करून, मांजर लहान म्हणून. पॅरासिटामॉल. ती मात्र मी त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. माणसाच्या तापावरची ही साधी गोळी मांजराला विष आहे. ती पचवायला यकृतात जे लागतं ते मांजरापाशी फार थोडं असतं. रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेईनासं होतं, आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. काकू घाबरून खाली बसल्या. त्यांनी चांगल्या मनानेच आणली होती. शहरातसुद्धा कितीतरी मांजरी अशा चांगल्या मनाने जात असतील.

आणखी एकाने वाटीभर भरीत आणलं. मऊ आहे, चावावं लागत नाही, हा मुद्दा बिनतोड होता. पण कांदा आणि लसूण दोन्ही मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. ज्या पदार्थावर गावाचं नाव उभं, तोच पेशंटला वर्ज्य! भरीत परत पाठवायला असोद्यात रीत नाही म्हणून ते आम्ही खाल्लं. पेशंटच्या नावावर आलेलं बरंच काही आम्हीच खाल्लं. पुरणाची वाटी आली तीही. मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारं तिचं जनुक बिघडलेलं आहे, असं फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली दाखवून दिलं. खापरावरच्या मांड्याच्या मुलखात जन्म घेऊन पुरणाची चव कळू नये, याला काय म्हणावं! पूर्वजन्मीचं काही असणार.

राहिलं काय? मांस. मांजर मांसावरच जगतं, त्याला पर्याय नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला मांसातूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही अधू होतात. आणि आमची माय माळकरी. मुक्ताईनगरची यात्रा चुकवत नाही. घरात अंडंसुद्धा कधी फुटलेलं नाही. ठकी जे काही खायची ते बाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर. आता ती जबाबदारी माझ्यावर आली आणि मी चोरासारखा मायसमोर उभा राहिलो.

माय बराच वेळ माळेचे मणी ओढत बसली. मग म्हणाली, “माह्या चुलीवर नाई.” थोड्या वेळाने: “माह्या भांड्यात नाई.” आणि मी वळलो तेव्हा मागून: “पण मागच्या दारी तीन दगडं मांडले तं मले काय दिसतं? माह्या डोयात मोतीबिंदू हाये.”

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जमाना झाला होता.

परसात दगडांची चूल मांडली. अडगळीतलं जर्मनचं पातेलं काढलं. जळगावहून आणलेली कोंबडी नुसत्या पाण्यात उकळायची, मीठ नाही, हळद नाही, हाडं काढून टाकायची. ही म्हणाली, माझ्या मिक्सरला हात लावायचा नाही. मग एक जुना जार मिळवला, तो परसातल्या खुंटीला टांगला, आणि वायर खिडकीतून ओढून मी बाहेर बसून मांस दळू लागलो. पातळ, गुळगुळीत, सिरिंजमधून न अडखळता येईल असं. घरात वरच्या पट्टीत हरिपाठ, परसात मिक्सरची घरघर. ठकी दोन्हींच्या मधोमध उंबऱ्यावर.

पण दळून झालं म्हणजे झालं, असं नाही. गार कालवण ती हुंगायचीसुद्धा नाही. मांजर जिभेच्या आधी नाकाने जेवतं. अन्न कोमट करायचं, तिच्या अंगाइतकं, 38 अंशांच्या आसपास, म्हणजे ताज्या मारलेल्या उंदराइतकं. हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा मी मायला सांगितला नाही. वाटी गरम पाण्याच्या ताटलीत ठेवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचा, तान्ह्या बाळाच्या दुधाला पाहतात तसाच. मग टॉवेलात तिला गुंडाळायचं, चारी पाय आत, बाहेर फक्त डोकं. हिने मांडीवर धरायचं, मी सिरिंज.

पहिले घास मी असे दिले की माझा हात थरथरत होता आणि ठकी शांत होती. तारेचा पीळ हनुवटीखाली मण्यासारखा लागायचा, त्याला धक्का न लावता ओठाचा कोपरा अंगठ्याने वर उचलायचा. आत जीभ खरखरीत, गुलाबी, एका बाजूला सुजलेली. थेंब पडला की ती क्षणभर विचार करायची. गिळावं की या माणसाच्या शर्टवर परत करावं? बहुतेक वेळा शर्ट. माझे दोन शर्ट त्या महिन्यात कायमचे गेले आणि घरी कुणी हळहळलं नाही.

माय दारात उभी राहून पाहायची. मोतीबिंदू असताना. तिला राहवलं नाही. तिने आम्हां भावंडांना, मग नातवंडांना जसं भरवलं तसंच सुरू केलं: “हा घास चिऊचा... हा घास काऊचा...” ही हसून म्हणाली, “आई, तिला खरंच चिऊ द्यायची वाटेल.” ठकीचे कान मात्र टवकारले. आजवर त्या मंत्राचा खरा अर्थ समजलेली ती पहिलीच असावी.

पाण्याचं दुखणं वेगळं. ती वाटीपाशी जाऊन बसायची, जीभ बाहेर काढायची आणि पाणी हलायचं पण पोटात जायचं नाही. मला वाटायचं हट्ट आहे. मुलाने पुण्याहून फोनवर एक जुना अभ्यास वाचून दाखवला. 2010 साली अमेरिकेतल्या काही इंजिनिअरांनी मांजर पाणी कसं पितं याचं संथ चित्रण करून पाहिलं. मांजर पाणी जिभेने वाटीसारखं उचलत नाही. जिभेचं टोक मागे वळवून पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटकन वर ओढतं, त्याच्या मागे पाण्याचा एक बारीक स्तंभ उभा राहतो, आणि तो कोसळण्याआधी जबडा मिटून मांजर वरचा तुकडा तोडून घेतं. सेकंदाला जवळजवळ चार वेळा. म्हणजे सगळं जबडा वेळेवर मिटण्यावर. आमच्या ठकीचा मिटेपर्यंत स्तंभ कोसळून जायचा. त्या दिवसापासून पाणीही सिरिंजने. आणि हे एवढं अचूक गणित आमच्या ओसरीवर रोज होत होतं, तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सगळ्यात वाईट तिला कशाचं वाटत असेल तर अंग चाटता येत नाही याचं. दुखऱ्या तोंडाने ते जमेना. छातीवरची लाळ वाळून केस चिकटले, पाठीचे पट्टे मळकट झाले. कुणी आलं की ती पाठ फिरवून बसायची. मायने जुन्या धोतराचा तुकडा कोमट पाण्यात बुडवून, पिळून, जिभेच्याच लांबीचे छोटे छोटे हात फिरवून तिला पुसायला सुरुवात केली, कानामागून मानेपर्यंत आणि मग छाती. ठकी घुरघुरू लागली. मी खूश झालो. डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं की दुखत असतानाही मांजर घुरघुरतं, तेव्हा फार हुरळून जाऊ नका. कळायला मार्ग नाही. तरी माय म्हणाली, “तिले बरं वाटलं,” आणि मी डॉक्टरांचं म्हणणं तिच्यापर्यंत पोचवलं नाही.

मायच्या मनात दुसरंच काही होतं, ते नंतर समजलं. ‘श्यामची आई’ तिने वाचलेलं नाही, पण माझ्या लहानपणी ते घरात मोठ्याने वाचलं गेलं, आणि अत्र्यांचा 1953चा सिनेमाही तिने जत्रेतल्या पडद्यावर पाहिला होता. (तेच अत्रे, ज्यांनी आमच्या बहिणाबाईंची गाणी 1952 साली लोकांसमोर आणायला मदत केली. गावात त्यांचा शब्द त्यामुळे जरा जड.) साने गुरुजी आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या त्या पुस्तकात मथी नावाची मांजर आहे. आई गेल्यावर तीही अन्नपाणी सोडते आणि जाते. लहानपणी आम्ही आईसाठी रडलो. मायला मात्र मथी आठवत होती. “मांजर मनावर घेतं रे,” एवढंच ती म्हणाली. तिच्या हिशेबी जबडा हे निमित्त होतं. ठकी मनाने उठली पाहिजे, म्हणून तो चिऊ-काऊचा घोष.

आणि ठकी उठली, पण सभ्यपणे नाही. एका संध्याकाळी मी वाटी कोमट करायला ठेवून टॉवेल शोधत होतो. परतलो तर वाटीत तोंड. तार असलेल्या जबड्याने ती चाटत होती, तिरकी मान करून, अर्धं खाली सांडत, नाक कालवणात बुडवून. मी मायला हाक मारली. माय आली, ही आली, भिंतीवरून नानांचं डोकं आलं. चौघं उभे राहून एका मांजरीला जेवताना पाहत होतो, आणि कुणीही ‘आणखी थोडं घे’ म्हणत नव्हतं. असोद्याच्या इतिहासात हे कधी झालं असेल असं वाटत नाही.

पुढे यथावकाश तार निघाली. जबडा किंचित वाकडा राहिला. डावा सुळा ओठाबाहेर डोकावतो आणि त्यामुळे ती सतत काहीतरी उपहासाने बोलणार आहे असं दिसतं. कालवण तिने ताबडतोब बंद केलं. मी कोमट करून पुढे ठेवलं की हुंगते, माझ्याकडे पाहते आणि नानांच्या गोठ्यात निघून जाते. तिथे नाना तिला दूध घालतात. जुलाब होतात की नाही ते मला सांगत नाहीत.

गावात असं ठरलं आहे की ती हळदीने बरी झाली. हळद कुणी लावली, कधी लावली, याची चौकशी कुणी करत नाही. नाना पारावर सविस्तर सांगतात आणि मी मधे बोललो तर “हा जयगावले घेऊन गेल्ता, उगीच तारा-बिरा लावल्या” असं म्हणून माझी ओळख करून देतात. मी गप्प बसतो. मिक्सरचा तो जार अजून परसात खुंटीला आहे, मायच्या डोळ्यांना अजून तो दिसत नाही.

परवा सकाळी नाना भिंतीपलीकडून खाकरले. त्यांच्या शेळीने पिल्लं दिली होती, त्यातलं एक अशक्त, आचळच धरत नव्हतं.

“भाऊ, ते बिनसुईचं इंजेक्शन हाये का रे?”

मी सिरिंज धुऊन दिली आणि सांगू लागलो, नाना, बाजूने घाला, डोकं वर करू नका, थोडं थोडं...

“मले नको शिकवू,” नाना म्हणाले. “तुही मांजर कोणं बरी केली?”